सातभाईंना एकच नोटीस

दिनांक सात जुलै, वार रविवार, वेळ सकाळी सव्वासहा. रक्कम निरंक. हजर: सेवानिवृत्त बेलिफ श्री. वामन रामटेके, पंच क्रमांक एक म्हणून मी, अंगात बनियन आणि हातात अर्धा कप चहा, पंच क्रमांक दोन म्हणून आमचा दूधवाला, ज्याला आपण कशात सापडलो हे शेवटपर्यंत कळले नाही. स्थळ: आमच्या लेआउटमधल्या, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या कॉलनीतल्या, शाळेची मागची मोकळी जागा.

तिथे उंबराचे कंबरेएवढे रोप होते आणि त्याची दोन पाने कडेने एकमेकांना शिवलेली होती.

"पाहून घ्या, बारापात्रेजी," रामटेकेजी हळू आवाजात म्हणाले. "घर हाये का नाही?"

"आहे."

"आतमंदी कोणी हाये का नाही?"

पानांच्या आत चोच हलली. "आहे."

"कोणाच्या परवानगीनं राहून राहिला, ते आपण विचारत नाही. ते आपलं काम नाही. कब्जा हाये, एवढं लिवलं. करा सही."

मी सही केली. दूधवाल्याने केली. आत बसलेल्या शिंपी पक्ष्याने केली नाही. तेव्हा रामटेकेजींनी खाली ओळ लिहिली, 'कब्जेदाराने सही करण्यास नकार दिला', आणि कागद खांद्यावरच्या पिशवीत ठेवला. घरी आलो तर चहा गार झाला होता आणि बायको दारात उभी होती. "सुटलं का तुमचं कोर्ट?" तिने विचारले.

ज्यांच्या दारात देवाच्या कृपेने कधी बेलिफ आला नाही, त्यांच्यासाठी सांगतो. बेलिफ म्हणजे कोर्टाचा निरोप्या. समन्स पोचवणे, नोटीस देणे, माणूस दार उघडत नसेल तर ती दारावर चिकटवणे, जप्ती करणे, आणि निकाल लागला की घर खाली करून दुसऱ्याच्या ताब्यात देणे, ही त्याची कामे. रामटेकेजींनी हे एकतीस वर्षे केले. निवृत्त झाल्यावर नागपूरच्या हुडकेश्वरला आमच्या लेआउटमध्ये चार घरे सोडून राहायला आले. पत्नी आधीच गेलेली, मुलगा हैदराबादला. सरकारने त्यांना निवृत्त केले, पण त्यांच्या पिशवीला कोणी निवृत्त केले नाही. तिच्यात अजून शिक्क्याची शाई, डिंकाची बाटली आणि कोरे कागद असत.

या माणसाचा एक नियम होता. दोन पंचांनी पाहिल्याशिवाय जगात काहीही घडलेले नसते. "मला आज मुंगूस दिसलं" असे त्यांना म्हटले, की ते विचारत, "दुसरा कोण होता?" कोणी नव्हता म्हटले, की मुंगूस खारीज.

त्यांच्या स्वयंपाकघरात एक जाडजूड पाल होती. माझ्या बायकोने एकदा तिला हाकलायला झाडू उचलला, तर रामटेकेजी मध्ये उभे राहिले. "ताई, थांबा वं. मी हे घर घेतलं तवा हे आत हजर होती. जुनी भाडेकरू हाये. तिले काढाचं म्हणजे केस लागते." अंगणातली जास्वंद छाटायची होती, तर तिला पंधरा दिवस आधी वाचून दाखवले. मग अर्धीच छाटली. बाकी अर्धी काहून ठेवली, असे मी विचारले. फांदीवरच्या बुलबुलाच्या घरट्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तिकडं स्टे हाये."

लेआउटमध्ये लोक त्यांना थोडे सटकलेले समजत. मीही समजत असे. पण हिशेबात माणूस चोख होता. वर्गणी पहिल्या तारखेला, सुटे पैसे मोजून. त्यामुळे माझे मत निम्मेच वाईट होते.

शाळेत त्यांचा शिरकाव एका सरड्यामुळे झाला. शाळेच्या मागे, पाण्याच्या टाकीपासून कुंपणाच्या भिंतीपर्यंत, पाव एकराची जागा वर्षानुवर्षे तशीच पडून होती. रुई, टाकळा, बोर, एक कडुनिंब, वाळवीचे वारूळ आणि पावसाळ्यात पाणी साचणारा डबरा. पोरांचा चेंडू तिकडे गेला की पोरेही जात. एका दुपारी सहावी-सातवीतली पाच-सहा पोरे भिंतीवरच्या सरड्याला दगड मारत होती आणि रामटेकेजी फिरायला निघाले होते.

"काय बे, काहून मारून राहिले त्याले?"

"आजोबा, तो रंग बदलतो."

"पुढारी नाही बदलत का? त्याइले मारता का? वॉरंट हाये का तुमच्याजवळ?"

पोरांजवळ वॉरंट नव्हते. त्यांनी वॉरंट म्हणजे काय ते विचारले. रामटेकेजींनी तिथेच बसून सांगितले, आणि मधली सुट्टी संपल्याची घंटा कोणी ऐकली नाही. मुख्याध्यापिका बोंदरे मॅडम पोरांना शोधत आल्या, तेव्हा पोरे सरड्यापासून चार हात लांब मांडी घालून बसली होती आणि सरडा मान वरखाली करत होता. "तो जबाब देऊन राहिला, मॅडम," एका पोराने सांगितले.

बोंदरे मॅडम व्यवहारी बाई. शनिवारच्या छंद तासाला त्यांना शिक्षक मिळत नव्हता, आणि हा माणूस फुकट होता. त्या शनिवारपासून मुलांनी त्यांना 'बेलिफ आजोबा' म्हणायला सुरुवात केली.

नोव्हेंबरात शाळेला एका कंपनीच्या सामाजिक निधीतून एक लाख वीस हजार रुपये मिळाले. पत्रात काम स्पष्ट लिहिले होते: शाळेत वन्यजीवांना अनुकूल अशी हिरवी जागा तयार करणे. पालक-शिक्षक संघाचा खजिनदार मी, तेव्हा रक्कम माझ्याकडे जमा झाली. बैठकीला संघाचे अध्यक्ष ठवकरभाऊ नकाशा तयार करूनच आले.

ठवकरभाऊंचा बांधकाम साहित्याचा धंदा आहे. माणूस दिलदार. शाळेचे छत गळले तेव्हा पत्रे त्यांनीच दिले. पण मोकळी माती दिसली की त्यांना अंगाला खाज सुटल्यासारखे होते. त्यांच्या घरी तुळशीभोवतीसुद्धा टाइल्स आहेत. त्यांचा नकाशा असा: जेसीबी लावून जागा साफ आणि सपाट करणे, चौदा हजार. हिरवळ, बावीस हजार. पेव्हर ब्लॉकची पायवाट, एक्केचाळीस हजार. फायबरचा वाघ, मोठा, अठ्ठावीस हजार. तोंड उघडे असलेल्या पेंग्विनच्या दोन कचराकुंड्या, नऊ हजार. फलक, सहा हजार. बेरीज एक लाख वीस हजार. मी दोनदा करून पाहिली, बरोबर आली. बेरीज बरोबर आली की मला प्रस्तावही बरोबर वाटतो, म्हणून मी मान हलवली.

बोंदरे मॅडम चाचरत म्हणाल्या, "भाऊ, पत्रात वन्यजीव म्हटलंय."

"मग मॅडम, वाघ आणून राहिलो ना! नागपूरले येणारा माणूस वाघ पाहालेच येते. याहून वन्यजीव अजून कोणता पाहिजे?"

छंद तासाचे म्हणून रामटेकेजींनाही बोलावले होते. ते नकाशा निरखत होते. "पेंग्विन मे महिन्यात कसा राहीन जी इथं?"

"फायबरचा आहे, रामटेकेजी."

"असं असं." त्यांनी नकाशा परत दिला. "मंजूर. जागा खाली कराची ना? करू. पण नोटीस लागते. तीस दिवसांची."

"कोणाले?"

"राहणाऱ्याले."

सगळे हसले. ठवकरभाऊ सगळ्यांत मोठ्याने हसले. जेसीबी दुसऱ्या साइटवर अडकलेला होता, जानेवारीशिवाय मिळणारच नव्हता. "द्या ना नोटीस," ते म्हणाले, "आपलं काय जाते?" आणि वाघाला बारा हजार ॲडव्हान्स देऊन टाकला.

हीच त्यांची चूक झाली. तलाठ्याला, वकिलाला, कोणालाही 'द्या नोटीस' म्हणावे, पण बेलिफाला म्हणू नये. तो खरेच देतो.

परतताना मी त्यांना म्हणालो, "तुम्ही विरोध करसान असं वाटलं होतं. ती जागा गेली तर तुमचा शिंपी, सरडा, सगळेच जातात."

"विरोध केला असता तर मतदान झालं असतं," रामटेकेजी म्हणाले. "मतदानात सातभाई पाखराले मत नाही. नोटिशीत नाव हाये."

पुढच्या सोमवारपासून नोटिसा बजावणे सुरू झाले. पाचवी ते आठवीच्या मुलांच्या जोड्या लावल्या, कारण पंच दोन लागतात. प्रत्येक जोडीला एक कब्जेदार. आणि इथे रामटेकेजींनी कायद्याचे एक कलम मुलांना घोटून पाठ करून घेतले, की नोटीस शक्यतो समक्ष बजावायची. म्हणजे राहणारा स्वतः दिसला पाहिजे. तो दिसेपर्यंत त्याच्या दारात बसायचे. बोलायचे नाही, कारण आवाज ऐकून पार्टी मागच्या दाराने पळते.

सातवी 'ब' हा वर्ग मी ओळखतो, माझी तनू त्याच वर्गात आहे. तो वर्ग प्रार्थनेलाही गप्प नसतो. तो वर्ग मी डिसेंबरच्या थंडीत, रुईच्या झुडपाभोवती, अर्धा तास गप्प बसलेला पाहिला. रुईवर फुलपाखराच्या पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या होत्या. एकीने पान खाता खाता तोंड वर केले, तेव्हा तनूने कुजबुजत नोटीस वाचली: "आपणास कळवण्यात येते की, आपण राहत असलेली जागा तीस दिवसांत खाली करावी, अन्यथा आपली हरकत कळवावी." अळी खात राहिली.

"दखल घेतली नाही, असं लिव," रामटेकेजी म्हणाले.

अडचणी येत, त्यांना कायद्यात तोड असे. बेडूक थंडीचे मातीखाली गेलेले. 'पत्त्यावर आढळून आले नाहीत, सबब नोटीस राहत्या जागी चिकटवली.' धोबी पक्षी फक्त हिवाळ्यापुरता येतो. 'हंगामी भाडेकरू.' मुंगसाने तीन दिवस फिरवले. 'फिरता इसम, पुन्हा प्रयत्न करावा.' सातभाई हे पक्षी नेहमी सहा-आठांच्या टोळक्याने कलकलाट करत हिंडतात. सहावीतली दोन पोरे रडकुंडीला आली, की नोटीस द्यायची कोणाला? रामटेकेजींनी टोळक्याकडे जरा वेळ पाहिले. "एकत्र कुटुंब दिसून राहिलं. कर्त्याच्या नावानं एकच नोटीस. जो सगळ्यात जास्त चिल्लावते, तो कर्ता."

मुलांना घ्यायला येणाऱ्या आया-बापांचीही सुटका नव्हती. जोडीतला एक गैरहजर असला, की फाटकावर जो भेटेल तो पंच. कोणी भाजीची पिशवी घेऊन बसले, कोणी हेल्मेट मांडीवर घेऊन. आधी चिडत, मग विचारत, "दिसलं का?", मग दुसऱ्या दिवशी स्वतःहून येत. ठवकरभाऊंच्या सौभाग्यवती मुलाला न्यायला आल्या आणि शिंजिर नावाच्या अंगठ्याएवढ्या निळ्या-काळ्या पक्ष्यासाठी पाऊण तास थांबल्या. घरी पोळ्यांना उशीर झाला, असे नंतर समजले.

मग रामटेकेजींनी दुसरे कलम काढले. घर खाली करताना पर्यायी जागा आहे की नाही, हे पाहावे लागते. म्हणून प्रत्येक जोडीने आपापल्या कब्जेदारासाठी लेआउटमध्ये दुसरी जागा शोधायची.

त्या संध्याकाळी तनूने मला विचारले, "बाबा, आपल्याकडे सरड्याला जागा आहे का?"

"आहे ना," मी म्हणालो. मग टेप घेऊन मागे गेलो, कारण मी उगाच काही बोलत नाही. बाराशे चौरस फुटांचा प्लॉट. बांधकाम, गाडीचा रॅम्प, बाजूची फरशी, मागची फरशी. उघडी माती एवढीच होती जेवढी तुळशीच्या कुंडीत मावते.

"नाही," मी सांगितले. तिने लिहून घेतले. अशी बावन्न घरे मुलांनी पालथी घातली. ठवकरभाऊंच्या घरी त्यांच्याच मुलाने विचारले, म्हणे, आणि त्यांनी नवीन टाइल्स दाखवल्या.

मुदत संपली तो दिवस जानेवारीतला शनिवार. जेसीबी शाळेच्या फाटकाबाहेर येऊन उभा होता. चालवणारा खाली उतरून सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत होता. रामटेकेजींनी 'हरकतींची सुनावणी' ठेवली होती. ठवकरभाऊंनी मागेच होकार दिलेला, त्यामुळे नाही म्हणता येईना. व्हरांड्यात टेबल. टेबलामागे ठवकरभाऊ आणि बोंदरे मॅडम. कोपऱ्यात मी, हिशेबासह. समोर मुले. आणि मुलांच्या मागे पालक. वार्षिक सभेला आमच्याकडे पंधरा पालक येतात, तेही बिस्किटे असली तर. त्या दिवशी खुर्च्या संपल्या, सतरंज्या संपल्या, लोक भिंतीला टेकून उभे राहिले.

मुले जोडीने पुढे येत होती. "अर्जदार बेडूक. झोपलेले असल्यामुळे गैरहजर. जुलैत उठतील. तेव्हा घर नसेल तर कुठे जातील, कृपया सांगावे." "अर्जदार सातभाई. एकत्र कुटुंब असल्यामुळे वेगवेगळ्या घरी राहू शकत नाहीत." तनू रुईवरच्या अळ्यांच्या वतीने उभी राहिली. तिने सांगितले की, या अळ्या फक्त रुईच खातात, हिरवळ खात नाहीत, आणि बावन्न घरांत रुई एकाही घरी नाही.

ठवकरभाऊ आधी हसत होते. मग रुमालाने मान पुसू लागले. शेवटी म्हणाले, "पोराइनं छान केलं. टाळ्या वाजवा. पण रामटेकेजी, तुम्ही तर कोर्टातले. यांच्याजवळ काही कागद आहे का? शाळेची जागा आहे. कागद शाळेचा आहे. आता खेळ बस झाला, मशीन बाहेर उभी आहे, तासाचं भाडं चढून राहिलं."

रामटेकेजी उठले. मी त्यांना इतक्या महिन्यांत कधी आवाज चढवताना ऐकले नव्हते, त्या दिवशीही चढवला नाही.

"कागद नाही, साहेब. बरोबर बोलले तुम्ही. एकतीस वर्षं मी ज्याच्याजवळ कागद, त्याच्या बाजूनं गेलो. ते कामच होतं. आता कोणी हुकूम देत नाही मले. म्हणून एक डाव बिनकागदवाल्याच्या बाजूनं उभा राहून पाहून राहिलो."

 बाहेर जेसीबीवाल्याने खर्रा तोंडात टाकला होता आणि तोही फाटकातून पाहत होता.

तेवढ्यात मागून आवाज आला. "अहो."

ठवकरभाऊंनी मान वर केली. त्यांच्या सौभाग्यवती भिंतीपाशी उभ्या होत्या.

"मी सही केली आहे," त्या म्हणाल्या. "शिंजिराच्या कागदावर. पंच म्हणून."

"अवं, पण तो..."

"माही सही खोटी पाडून राहिले का तुम्ही? चारचौघात?"

असा काही हशा पिकला, की कडुनिंबावरचे सातभाई बोंबलत उडाले. ठवकरभाऊ लाल झाले, मग स्वतःच हसायला लागले. खुर्ची मागे सरकवून ते व्हरांड्याच्या पायरीवर गेले आणि फाटकाकडे तोंड करून ओरडले, "वापस ने बे मशीन! आजचं भाडं माह्याकडून!"

पोरांनी जो कल्ला केला, तो मी आयुष्यात ऐकलेला सर्वांत मोठा आवाज असावा. मोजायचे साधन नव्हते.

नवे अंदाजपत्रक मी त्याच रात्री केले. पेव्हर रद्द, हिरवळ रद्द, पेंग्विन रद्द. डबरा थोडा खोल करून कायमचे पाणी, कडेने उतरती दगडी कड, म्हणजे आत पडलेला जीव बाहेर येऊ शकेल. करवंद, अडुळसा, कढीपत्ता, लिंबू यांची रोपे. बांबूचे कुंपण आणि फाटक. कुंभाराकडून पाण्याची पसरट भांडी. बसायला सहा बाक. वाघाचा ॲडव्हान्स परत मिळेना, तेव्हा वाघ घ्यावाच लागला. उरलेले सोळा हजार ठवकरभाऊंनी स्वतः भरले, आणि मला म्हणाले, "हे घरी सांगू नका."

वाघ फेब्रुवारीत आला. पिवळाधमक, जबडा फाकलेला, चेहरा जरा आमच्या वॉर्डातल्या माजी नगरसेवकासारखा. तो फाटकाजवळ बसवला. आठवड्याभराने सकाळी सात वाजता मला फोन आला. रामटेकेजींचा असेल म्हणून मी बनियन बदलायला घेतले, तर ठवकरभाऊ होते.

"बारापात्रेजी, या लवकर. पंच पाहिजे."

खारीने वाघाच्या जबड्यात काथ्या, कापूस आणि कोणाचा तरी हरवलेला मोजा कोंबून घर केले होते. ठवकरभाऊ दोन हात लांब, श्वास धरून उभे. "आतमंदी हलून राहिलं," ते कुजबुजले. "पिल्लं आहेत. मी पाहिलं. तुम्हीही पाहा, नाही तर रामटेकेजी खारीज करतील." मी पाहिले आणि सही केली. अठ्ठावीस हजार रुपयांना खारीचे घर महाग आहे, पण वाया गेले असे आता म्हणता येत नाही.

मार्चच्या सुरुवातीला कंपनीची मंडळी पाहणीला आली. एक मॅडम आणि दोन साहेब, फोटो काढून अर्ध्या तासात निघायच्या तयारीने. त्यांना तिसरीतल्या एका मुलीने हाताला धरून डबऱ्याकाठच्या बाकावर बसवले. मॅडमच्या शेजारचे साहेब फोनवर बोलू लागले, तर तिने ओठावर बोट ठेवले आणि त्यांनी फोन खिशात ठेवला. वीसेक मिनिटांनी धोबी पक्षी आला, शेपटी खालीवर करत पाण्याच्या कडेने चालला, अगदी मॅडमच्या बुटापर्यंत. मॅडमनी तोंडावर हात धरला. तिघांनी पंच म्हणून सह्या केल्या. जाताना कंपनीच्या मॅडम बोंदरे मॅडमना म्हणाल्या की, अशा जागा त्यांनी बऱ्याच शाळांना करायला सांगितल्या, पण आत बसायला लावणारी शाळा ही पहिली. पुढच्या वर्षाचे पैसेही मंजूर झाले. त्याच महिन्यात हुडकेश्वरच्या पुढच्या दोन शाळांचे मुख्याध्यापक येऊन विचारून गेले, बेलिफ कुठे मिळतो.

सगळा खर्च जाऊन माझ्याकडे पाच हजार उरले. संघाच्या बैठकीत मीच ठराव मांडला, की ही रक्कम मानधन म्हणून श्री. रामटेके यांना द्यावी. एकमताने पास झाला. पाकीट त्यांच्यापुढे ठेवले.

त्यांनी ते उचलले नाही. बोट ठेवून थोडे मागे सरकवले.

"घर खाली कराले गेलो ना," ते म्हणाले, "की पहिले दोरीवरचे कपडे काढायचो. मजूर सामान फेकत, त्याइले घाई राहते. कपडे मी कोणाले फेकू देल्ले नाही. ओले असले तरी घडी करून बाईच्या हातात देत होतो. लेकराचे वर ठेवायचो, कारण तेच पहिले लागतात." त्यांनी चष्मा काढून पुसला. "बाकी मग हुकूम कोर्टाचा आन् हात माहे. लोकाइनं शिव्या देल्ल्या, त्याचं काही नाही. पण वास्तूले कोणी बोलवत नाही. बेलिफाचा पाय नव्या घरात नको म्हणतात. आपल्या लेआउटमंदी एवढी घरं झाली, मांडव पडले, जेवणं झाली. पत्रिका माह्या पेटीत नाही येत. त्याइचंही बरोबरच हाये."

बैठकीला आम्ही पाच जण होतो. चौघांची घरे याच लेआउटमध्ये आहेत. मी कागद नीट लावत बसलो. कोणी वर पाहिले नाही.

"तं मले पैसे नको," रामटेकेजी म्हणाले. "या जागेची वास्तू करा. पहिल्या डाव कोणाले तरी घर भेटलं माह्या हातानं. पोरं, मायबाप, सगळ्याइले पोहे खाऊ घाला. आन् मले एक पत्रिका द्या."

पत्रिका सातवी 'ब'ने काढली. मार्चच्या शेवटच्या शनिवारी, परीक्षा संपल्यावर, सकाळी आठ वाजता गृहप्रवेश. निमंत्रक म्हणून शिंपी, सरडा, खार, बेडूक आणि एकत्र कुटुंब सातभाई यांची नावे. पूजा वगैरे नव्हती. मुलांनी पाण्याची भांडी भरली, एवढाच विधी. चौकातला पोहेवाला हातगाडीसकट आला आणि तर्रीच्या, म्हणजे पोह्यांवरच्या झणझणीत रश्श्याच्या, वासाने जेसीबीवालासुद्धा हजर झाला, त्याला कोणी बोलावले ते कळले नाही.

सगळे आत होते. मी प्लेटा मोजत होतो. एकदम लक्षात आले की रामटेकेजी कुठे दिसत नाहीत. पाहिले तर ते बांबूच्या फाटकाबाहेर, एका बाजूला, उन्हात उभे होते. पांढरा इस्त्रीचा शर्ट, खांद्याला पिशवी नाही. काखेत रंगीत कागदात बांधलेला आहेर, स्टीलच्या डब्याच्या आकाराचा. एका हातात पत्रिका, कोणी विचारले तर दाखवायला. फाटक उघडेच होते.

मी निघालो, पण ठवकरभाऊ माझ्याआधी पोचले होते.

"रामटेकेजी, बाहेर काहून उभे? या ना जी."

"बोलावून राहिले का?"

"बोलावून राहिलो ना. आत या. तुमचंच काम आहे."

रामटेकेजींनी चपला बाहेर काढल्या. उघड्या मातीवर, तणावर, अनवाणी पाय टाकला. ठवकरभाऊंनी त्यांच्याकडे पाहिले आणि आपलेही बूट काढले. मग दोघे आत आले, आणि पोरांनी त्यांना डबऱ्याकाठच्या बाकावर मधोमध बसवून हातात पोह्यांची प्लेट दिली.

पोहे एकूण दोनशे प्लेट, दर पंचवीस रुपये. रामटेकेजींनी दोन खाल्ल्या, त्या यात धरल्या आहेत. एकूण रुपये पाच हजार चौकातल्या पोहेवाल्याला रोख देण्यात आले.